कॅमेरा घ्यायचाय? आधी अंधारात चला

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी दुकानाबाहेर काढते. आमचे मालक हेन्क यांना सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं. "मंजिरी, लोकांनी आत यावं म्हणून मी काचेवर एवढे दिवे लावतो आणि तू त्यांना बाहेर घेऊन जातेस," ते म्हणाले होते. मी म्हटलं, रात्री वापरायचा कॅमेरा दुकानाच्या झगझगीत उजेडात निवडणं म्हणजे छत्री घरात उघडून बघणं. उघडते, मिटते, रंग छान आहे. पावसात काय करते ते पावसातच कळणार ना? हेन्कनी खांदे उडवले. पुढे त्यांनीच दाराशी चार जाडजूड कोट टांगून ठेवले, कुडकुडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या या दुकानात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. लग्नाआधी नाशिकला एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवांना "हनुवटी जरा खाली" म्हणायचे. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आले, डच शिकले आणि कामाला लागले. इथल्या आपल्या मंडळींत बहुतेक जण चिपा बनवणाऱ्या यंत्रांवर तरी काम करतात, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये असतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "आणि तुम्ही?" की मी सांगायचे, "कॅमेरे विकते." समोरचा जरा थांबायचा आणि मग हळूच विचारायचा, "अहो, मला एक घ्यायचाच होता. रात्रीचे फोटो नीट येत नाहीत हो."

रात्रीचे फोटो नीट येत नाहीत, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं पोट भरलं.

गोष्ट साधी आहे. रात्री उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याला तो गोळा करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुमचा हात हलतो आणि फोटो फिसकटतो. कॅमेरा स्टँडवर ठेवला तर प्रश्न मिटला, पण फिरायला निघालेला माणूस स्टँड घेऊन फिरत नाही. त्याला खिशातला कॅमेरा हवा असतो, हातात धरून काढता येईल असा. मग बघायच्या गोष्टी मोजक्याच. लेन्स मोठ्या तोंडाची आहे का, उजेड टिपणारा आतला सेन्सर मोठा आहे का, आणि हाताची थरथर आतल्या आत सांभाळून घेण्याची सोय आहे का. यातली थरथरीची सोय लोकांना जादूची कांडी वाटते. पण ती तुमचा हात सांभाळते, समोरून पळणारं पोर नाही सांभाळत. हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी नाराज होतं.

फोनचंही तसंच. हल्ली येणारा प्रत्येक जण आधी फोन दाखवतो. "ताई, हाच काढतो की चांगले." काढतो, मी नाही म्हणत नाही. फोन पटापट बरेच फोटो काढतो आणि एकमेकांवर बसवून एक बनवतो. चर्च, पूल, इमारती झकास येतात. पण त्याच फोनने संध्याकाळच्या अंधारात खेळणाऱ्या नातवाचा फोटो काढा. नातवाच्या जागी शेवयांची खीर येते.

ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळच्या हूफडॉर्पहून एक गृहस्थ आले होते, मूळचे ठाण्याचे. त्यांच्या घरावरून विमानं उतरतात. त्यांना रात्री, गच्चीतून, हातात धरून विमानांचे फोटो हवे होते आणि त्यासाठी लांबचं जवळ आणणारा सगळ्यात मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा. मी त्यांना बाहेर नेलं आणि समोरच्या चौकातल्या बसची पाटी टिपायला सांगितली. झूम लांबवला की अशा छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं तोंड बारीक होतं. बस आली, गेली, फोटोत एक पिवळी रेघ उरली. "हे काय?" म्हणाले. "हे तुमचं विमान," मी म्हटलं. गृहस्थ खळखळून हसले आणि काही न घेता निघाले. हेन्कनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. महिन्याभराने तेच गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि माझ्या सांगण्याने बिनझूमचा कॅमेरा घेऊन गेले. विमानं सोडून ते आता बायकोचे फोटो काढतात, असं तिनेच मला सांगितलं.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातला एखादा अनुभव लिहा" म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला. त्याने आणि त्याच्या बायकोने लिहायला परवानगी दिली आहे. नावं तेवढी मी बदलली आहेत.

त्याला आपण निखिल म्हणू. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तो दुकानात आला. इथे नोव्हेंबरात लोक ऑफिसातून सुटतात तेव्हा मिट्ट काळोख झालेला असतो. चाळिशीच्या आतबाहेरचा, पुण्याचा, चिपा बनवणाऱ्या यंत्रांमध्ये प्रकाशाने मापं घेतात त्या विभागातला इंजिनियर. बोलणं नीटनेटकं, शब्द तोलून वापरणारा.

"मंजिरीताई ना? मला छोटा कॅमेरा हवाय. रात्री बाहेर, हातात धरून वापरायला."

"कशाचे फोटो काढायचेत?" हा माझा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नावर लोक सुटतात. कुणाला मुलांची कंदिलांची मिरवणूक, कुणाला कालव्यात पडलेली दिव्यांची प्रतिबिंबं. निखिल म्हणाला, "असंच. रस्ता वगैरे."

मला नवल वाटलं, पण पुढच्या गप्पांत ते विसरून गेले. कारण या माणसाला प्रकाशातलं माझ्यापेक्षा खूप जास्त कळत होतं आणि तो ते प्रेमाने समजावून सांगत होता. रात्रीच्या फोटोत जे दाणे दाणे दिसतात, त्याबद्दल तो म्हणाला, "तो नेहमी कॅमेऱ्याचा दोष नसतो, ताई. पावसाची भुरभुर सुरू होते तेव्हा अंगणातल्या काही फरश्या ओल्या होतात, काही कोरड्याच राहतात. उजेड कमी असला की तो असाच पडतो. फरशी मोठी असेल तर प्रत्येकीवर थोडं तरी पाणी पडतंच. म्हणून मोठा सेन्सर." मी मोठ्या सेन्सरबद्दल इतकी वर्षं बोलत होते, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून हा फरश्यांचा दाखला मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देते आणि निखिलचं नाव घेत नाही एवढंच.

तीन कॅमेरे घेऊन आम्ही बाहेर पडलो. दुकानाच्या मागे एक गल्ली आहे, तिथे दिवे कमी. ती माझी प्रयोगशाळा. गल्लीत आल्यावर माणसं आधी इकडेतिकडे बघतात, काय टिपावं ते शोधतात आणि मग कॅमेरा डोळ्यांपुढे धरतात. निखिलने वर पाहिलंच नाही. एकेक कॅमेरा चालू करायचा, मागच्या स्क्रीनमध्ये बघायचं, कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि पुढचा घ्यायचा. बटण त्याने एकदाही दाबलं नाही.

"फोटो काढून बघा की," मी म्हटलं.

"फोटोचं नंतर बघू. यातल्या कुठल्याचा स्क्रीन अंधारात जास्त उजळ दिसतो?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायच्या आत तो परत फिरला आणि सायकली लावायच्या लोखंडी स्टँडवर त्याचा गुडघा असा आपटला की मलाच कळ आली. "काही नाही, काही नाही," तो घाईघाईने म्हणाला. स्टँड चांगला कमरेएवढा होता. गल्लीतला अंधार मला आणि तुम्हाला अंधार वाटलाच नसता इतपत होता.

आत आल्यावर त्याचा हातमोजा खाली पडला. मी उचलून त्याच्यापुढे धरला. दुकानातल्या भरपूर उजेडात, त्याच्या कमरेच्या उंचीवर, दोन हातांच्या अंतरावर. तो काउंटरकडे बघत राहिला. त्याला मोजाही दिसला नाही आणि माझा हातही. मी हाक मारली तेव्हा त्याने मान खाली वळवली आणि तो दचकला.

"विचार करून सांगतो," म्हणून तो गेला. मी हेन्कना म्हटलं, "या माणसाचं काहीतरी वेगळं आहे." हेन्क म्हणाले, "तुझी सगळीच माणसं वेगळी असतात."

पुढच्या आठवड्यात तो परत आला. बरोबर मुलगी होती. तिला आपण ईरा म्हणू. सातेक वर्षांची, दोन वेण्या, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. मी तिच्याशी मराठीत बोलले, तिने मला इंग्रजीत उत्तर दिलं आणि समोरच्या कपाटातल्या दुर्बिणी बघायला गेली. दुकानाच्या काचेतून निखिलची सायकल दिसत होती, मागे मुलांची सीट लावलेली.

"ताई, तो मधला घेतो," निखिल म्हणाला. "फक्त एक विचारायचं होतं. तो सायकलच्या हँडलला बसवता येईल का?"

"व्हिडिओ काढायला?"

"नाही. म्हणजे... स्क्रीन समोर दिसत राहील असा."

"सायकल चालवताना?"

त्याने काचेबाहेरच्या सायकलकडे पाहिलं. गल्लीतला तो स्टँड, तो हातमोजा, फोटो न काढता नुसता फिरवलेला कॅमेरा, सगळं एका जागी येऊन उभं राहिलं. हा माणूस कॅमेरा घेत नव्हता. अंधारात बघायला डोळे घेत होता.

"अंधारात स्क्रीनवरचं चित्र थोडं मागे पडतं," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. "समोर माणूस आला तरी स्क्रीनवर तो यायला..."

"माहीत आहे. किती मागे ते मी मोजेन. त्या हिशेबाने सावकाश चालवायची."

त्याच्याकडे याचंही गणित तयार होतं. मी गिऱ्हाइकांना कधी अरेतुरे करत नाही, वयाने कितीही लहान असली तरी. त्या क्षणी मात्र ते आपसूक गळून पडलं.

"निखिल, तुला अंधारात दिसत नाही का रे?"

त्याने आधी ईराकडे पाहिलं. ती दुर्बीण उलटी धरून बघत होती. "दिव्याखाली दिसतं," तो म्हणाला. "दोन दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात नाही."

"आणि बाजूचं?"

"कमी."

"मग मी हा कॅमेरा तुला देणार नाही."

"दुसरीकडे मिळेल."

"मिळेल की. शंभर ठिकाणी मिळेल. पण आज या पोरीला मागे बसवून अंधारात सायकल चालवू नकोस."

त्याचा चेहरा लाल झाला. "ताई, तुम्ही कॅमेरे विका. डॉक्टरकी करू नका," असं म्हणून त्याने ईराला हाक मारली आणि तो दाराकडे वळला.

माणूस रागावून निघाला की विक्रेत्याने गप्प राहायचं असतं, हे मला हेन्कनीच शिकवलं होतं. मी दाराशी टांगलेला कोट अंगावर चढवला आणि हेन्कना सांगितलं, "मी येते." कोट घालून मी रस्त्यावर गेले तोवर तो सायकलचं कुलूप काढत होता.

"मी तुमच्याबरोबर चालत येणार आहे," मी म्हटलं. "तुला आवडो न आवडो."

भर रस्त्यात माझ्याशी भांडणं त्याला जमलं नाही. मोठ्यांशी नीट वागायचे संस्कार कामी आले. तो सायकल हातात धरून चालू लागला, त्याच्या एका बाजूला ईरा, दुसऱ्या बाजूला मी. बाजारपेठेतले दिवे होते तोवर सगळं ठीक होतं. कालव्याकडच्या वाटेला लागलो आणि ईरा एकदम ओरडली, "पापा, पाल्त्ये!"

पाल्त्ये म्हणजे गाड्या येऊ नयेत म्हणून सायकलच्या वाटेत मधोमध रोवतात तो बुटका खांब. निखिलने सायकल बाजूला घेतली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "पापा, पाल्त्ये! आणि डावीकडे माणूस, कुत्रा घेऊन."

"तू नेहमी सांगतेस का ग पापाला?" मी विचारलं.

"हो. हा आमचा गेम आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "अंधार पडला की मी पापाची नॅव्हिगेशन असते. पूल आला की दोनदा सांगते, कारण पुलाला कठडा नाहीये. अजून मी एकदाही हरले नाही."

निखिल थांबला. पुढचा दिवा थोड्या अंतरावर होता, त्याच्याखाली जाऊन थांबला, आणि सायकलचं हँडल घट्ट धरून उभा राहिला. ईरा कालव्यातली बदकं शोधायला लागली, तेव्हा तो खालच्या आवाजात बोलू लागला. त्याच्या मामांना हेच झालं होतं. आधी रात्रीचं गेलं, मग बाजूचं, शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलं. गेली दोन वर्षं त्याला कळत होतं आणि तो डॉक्टरकडे जात नव्हता.

"तपासलं नाही तोवर ते झालेलं नसतं, ताई. आणि माझं कामच बघण्याचं आहे. नोकरी गेली तर इथे राहायचं परमिट जातं. परमिट गेलं तर घर, हिची शाळा, सगळंच. हिला नीट मराठी वाचता येत नाही, पुण्यात कुठल्या वर्गात घालू?"

"बायकोला सांगितलंस?" तिला आपण गौरी म्हणू.

"नाही."

मला त्याच्या नोकरीचं आणि परमिटचं काहीच सांगता येणार नव्हतं. खोटा धीर देणं मला जमत नाही. मला जे दिसत होतं तेवढंच मी बोलले.

"निखिल, ती अजून हरली नाही म्हणतेय. ज्या दिवशी तिला 'पाल्त्ये' म्हणायला उशीर होईल, त्या दिवशी तुला लागेल की तिला लागेल ते राहू दे. पण माझ्यामुळे झालं, हे ती जन्मभर मनात धरून बसेल. सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवू नकोस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे बघितलं. मग आम्ही चालत राहिलो. पूल आला, ईराने दोनदा सांगितलं. त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर मी थांबले. "मी तुझ्या बायकोला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "ते तुझं तू सांग. पण आजच सांग." तो घराकडे वळला. ईराने मला डचमध्ये "उद्या भेटू" म्हटलं, इथली मुलं कुणालाही म्हणतात तसं.

परत येताना त्या वाटेवरचा प्रत्येक खांब मला दिसत होता. इतकी वर्षं तिथून जात होते, असे खांब आहेत हे कधी जाणवलंही नव्हतं.

काही दिवसांनी दुकानात एक बाई आली. कॅमेऱ्यांकडे न बघता सरळ काउंटरपाशी. "मी गौरी," म्हणाली. "तुम्हाला एका भेटीत कळलं?"

"दोन भेटींत," मी म्हटलं.

"मी दोन वर्षं त्याला वेंधळा म्हणतेय. टेबलावरचा ग्लास पाडला की वेंधळा, माझ्या मैत्रिणीने पुढे केलेला हात धरला नाही की माणूसघाणा. रात्री गाडी चालवायला नको म्हणतो म्हणून आळशी. सगळं बोलून झालंय माझं." ती रागाने बोलत होती, पण राग कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं. "आणि पोरीला कळलेलं होतं. सातव्या वर्षी. मला नाही."

"पोरीला कळलेलं नव्हतं. तिच्यासाठी तो खेळ होता."

"आता काय खेळू तिच्याशी? सायकल तर बंद केली."

मी तिला आतल्या खोलीत नेऊन कॉफी दिली. हेन्कनी तिच्यापुढे त्यांच्या बायकोने केलेला सफरचंदाचा केक ठेवला आणि बाहेर जाऊन माझी गिऱ्हाइकं सांभाळली. त्या दिवसानंतर माझ्या वेगळ्या माणसांबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

पुढचं मला तिच्याकडूनच कळत गेलं. इथे आधी आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, हाउसआर्ट्सकडे जावं लागतं. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी मास्ट्रिख्टच्या मोठ्या रुग्णालयात. मामांचाच आजार निघाला. औषधाने बरा होणारा नव्हता. पण हळू चालणारा होता, आणि मधली नजर अजून उत्तम होती, वर्षानुवर्षं तशी राहू शकते असं डॉक्टर म्हणाले. कामावर त्याने साहेबांना सांगितलं. सांगायच्या आदल्या दिवशी दोघं जेवले नव्हते. साहेबांनी त्याला अंधाऱ्या खोलीतल्या मोजणीवरून काढून आकडेमोडीच्या कामावर घेतलं. नोकरी राहिली. गाडी गेली, रात्रीची सायकल गेली, आणि आपण कुणाचा हात धरून चालायचं नाही ही ऐट गेली. ही शेवटची सगळ्यात उशिरा गेली, असं गौरी म्हणाली.

ईराचं काम गौरीने हळूच काढून घेतलं. अंधार पडल्यावर निखिलच्या कोपराला धरून तीच चालू लागली. ईरा चिडली म्हणे, "पण मी जिंकत होते!" मग निखिलने तिला बसवून खरं काय ते सांगितलं. ती थोडं रडली आणि मग तिने विचारलं, "म्हणजे आता मी पुढे पळू शकते?" तेव्हापासून ती पुढे पळते.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शुक्रवारी तिघंही दुकानात आली. शुक्रवारी आमच्याकडे दुकानं जेवणाच्या वेळेनंतरही उघडी असतात. बाहेर कडक थंडी होती आणि कितीतरी दिवसांनी आकाश स्वच्छ होतं.

"कॅमेरा घ्यायला आलोय," निखिल म्हणाला. "या वेळी खरंच कॅमेरा."

"कशाचे फोटो काढायचेत?"

"मला जे दिसत नाही त्याचे." तो हसून म्हणाला. "आम्ही रोज जेवण झालं की फिरायला जातो. ही गौरी सांगत असते, झाडावर घुबड बसलंय, पाण्यात हंस झोपलेत. मला सगळं काळं. मग म्हटलं, ती म्हणेल तिकडे कॅमेरा धरायचा, बटण दाबायचं आणि घरी येऊन दिव्याखाली मोठ्या पडद्यावर बघायचं. रात्र आपण उजेडात बघू, काय बिघडलं?"

माझ्या सबंध नोकरीत इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. आता स्क्रीन किती उजळ याचा प्रश्नच नव्हता. झूम नकोच, कारण त्याला नळीतून बघायचं नव्हतं, सगळं बघायचं होतं. रुंद दिसणारी एकच लेन्स, मोठ्या तोंडाची. खिशात मावेल त्यातला सगळ्यात मोठा सेन्सर. आतून थरथर सांभाळणारा. आणि एक गोष्ट मी पहिल्यांदाच कुणासाठी शोधली, ती म्हणजे बोटांना कळणारी बटणं. पडद्याला हात लावून चालणारे कॅमेरे मी सरळ बाजूला ठेवले. निखिलने डोळे मिटून एकेक हातात घेतला, चाकं फिरवून बघितली. एकाच्या चाकाला टक टक असा स्पष्ट ठोका होता. "हा," तो म्हणाला. माझीही निवड तीच होती.

"आता बाहेर," मी म्हटलं, आणि हेन्कनी चार कोट काढून दिले.

गल्लीच्या टोकाला छोटं मैदान आहे, तिथे गेलो. गौरीने त्याचं कोपर धरलं होतं. त्याने सायकलींचे, झाडाचे, पळणाऱ्या ईराचे फोटो काढले. मग गौरी म्हणाली, "वर धर. अजून वर. घरांच्या वर." त्याने श्वास रोखून, कोपरं छातीशी घट्ट आवळून बटण दाबलं, मी शिकवलं होतं तसं.

आत येऊन मी फोटो मोठ्या पडद्यावर लावले. सायकली आल्या, झाड आलं, ईराची थोडी खीर झाली होती. मग शेवटचा आला. खाली छपरांची काळी रेघ, आणि वर निळसर काळ्या आकाशात ठिपके. फोटोत दाणे होते, ठिपके अगदी सुईच्या टोकासारखे नव्हते. पण मृगाचे चार पाय चार कोपऱ्यांत दिसत होते आणि मधोमध एका ओळीत बाणाचे तीन तारे.

निखिल पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला. त्याने बोट एकेका ताऱ्यावर ठेवलं.

"हे इथे दिसतात?" त्याने विचारलं.

"रोज दिसतात रे," गौरी म्हणाली. "ढग नसले की."

"मला वाटायचं, या देशात तारे नसतातच. आल्यापासून एकही बघितला नाही. म्हटलं, ढग असतील, शहराचे दिवे असतील." तो पडद्यावरून नजर काढत नव्हता. "मी कुणाला विचारलंसुद्धा नाही."

ईराने त्याच्या बाजूला स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि पडद्यावरचे ठिपके मोजायला लागली, डचमध्ये. एक ठिपका कमी आहे असं निखिलचं म्हणणं पडलं. मृगावर बाण मारणारा व्याध कुठेय? सगळ्यात तेजस्वी तारा तो.

"तो अजून छपरांच्या मागे आहे," मी म्हटलं. "थोड्या वेळाने वर येईल."

बिल करायला मी कॅमेरा मागितला, तर त्याने तो गळ्यात अडकवून दुसऱ्यांदा कोट चढवला होता.

"मग थांबू या की," तो म्हणाला, आणि बायकोने धरावं म्हणून कोपर पुढे करून दारात उभा राहिला.